ल माँ २०२६ : जाताना दिएप, येताना विस्त्रेआम

तिकिटं हातात आहेत, तंबूची जागा बोसेजूर कॅम्पसाइटवर मिळाली आहे. राहिली होती फेरी, म्हणजे इंग्लंडहून फ्रान्सला गाडी नेणारी बोट, तीही या आठवड्यात पक्की केली. फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची मोटार शर्यत १३-१४ जूनला. रेडिंगहून आम्ही दोघं निघणार, मी आणि माझा कोल्हापूरकर मित्र. गाडी माझी स्विफ्ट स्पोर्ट, म्हणजे मारुतीने भारतात कधी विकलीच नाही ती. पेट्रोलची टाकी ३७ लिटरची आणि डिकी नावालाच. या दोन गोष्टींनी पुढचे बरेच निर्णय आमच्यासाठी परस्पर घेऊन टाकले.

इंग्लिश चॅनेल ओलांडायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती तास लागतात?" पाण्यावरचे तास मोजून निवड केली तर डोव्हर-कॅले जिंकणारच. दीड तासात पलीकडे. बोगद्यातून गाडी आगगाडीत चढवली तर ३५ मिनिटं. पण कॅलेहून ल माँ सुमारे ४२० किलोमीटर आहे, आणि रेडिंगहून डोव्हर गाठायचं तर लंडनभोवतीच्या एम२५ चं अर्धं रिंगण फिरायचं. त्यात एम२० वर ऑपरेशन ब्रॉक, म्हणजे बंदराकडचे ट्रक महामार्गावरच थांबवायची व्यवस्था, लागू असेल तर ट्रकच्या रांगा शेजारी घेऊन चालायचं. म्हणून मी हिशेब दुसऱ्या बाजूने केला: स्टिअरिंगवर किती तास, आणि ते कोणत्या दिवशी, किती झोपेवर?

अंतरं साधारण अशी निघतात. विस्त्रेआमहून, म्हणजे काँ शहराच्या बंदरावरून, ल माँ १६५ ते १७० किलोमीटर. ल हाव्रहून दोनशेच्या थोडं वर. सँ मालोहून २३० च्या आसपास, दिएपहून २६०, शेरबूरहून २८०. विस्त्रेआमचा रस्ताही सोपा: काँचा वळणरस्ता, मग फालेझवरून ए८८, सेएजवळ ए२८, आलाँसों, ल माँ. रेडिंगहून पोर्ट्समथ शंभरेक किलोमीटर, तेव्हा आमच्यासाठी तो मार्ग आंधळेपणाने निवडावा असाच. दिवसाची फेरी सहा तासांच्या आसपास, रात्रीची थोडी जास्त. सँ मालोला पोर्ट्समथहून रात्रीची लांब फेरी आहे, झोप पूर्ण होते. पण भाडं पाहून मित्राने लॅपटॉप बंद केला.

रात्रीच्या काँ फेरीबद्दल एक इशारा. कागदावर "केबिन, रात्रभर झोप" दिसतं. प्रत्यक्षात पावणेअकराच्या सुमारास जहाज सुटतं, आपण अकरा-साडेअकराला आडवे होतो, घड्याळ एक तास पुढे जातं आणि धक्क्याला लागण्याआधी केबिनच्या स्पीकरवर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं हार्पसंगीत सुरू होतं. मधुर आहे, पण त्या वेळी कुणाला हवंय? सलग पाच तास मिळाले तरी नशीब.

आता दिएप. खरं सांगायचं तर इथे माझा हिशेब थोडा वाकला, आणि मी तो वाकू दिला. न्यूहेवन-दिएप चार तासांची फेरी आहे. तिची रात्रीची खेप भल्या पहाटे दिएपला उतरवते, तिच्या वाट्याला जाऊ नये. सकाळची मात्र उत्तम. दिएप हे आल्पिन या मोटार कंपनीचं गाव. झाँ रेदेले इथलाच. त्याने १९५५ मध्ये कंपनी काढली आणि तिची ए११० गाडी याच गावात बनत आली. १९७८ ला पिरोनी आणि जोसो यांनी ल माँ जिंकलं ती रनो-आल्पिन ए४४२बी याच घराण्यातली. कारखान्याच्या फाटकाबाहेरून फोटो काढायला कुणी हरकत घेणार नाही अशी आशा आहे.

त्याहून मोठं आमिष पुढे, रूआँच्या दक्षिणेला. रूआँ-लेझ-एसार हे जुनं सर्किट सार्वजनिक रस्त्यांवरचं आहे, त्यामुळे आजही आपली गाडी घेऊन त्यावरून जाता येतं, अर्थात रस्त्याच्या मर्यादेत. फ्रेंच ग्रां प्री इथे पाच वेळा झाली: १९५२, १९५७, १९६२, १९६४ आणि १९६८. डॅन गर्नीने १९६२ मध्ये इथेच पोर्शेला जिंकून दिलं, आणि फॉर्म्युला वनमध्ये स्वतःची गाडी घेऊन उतरलेल्या पोर्शेचा तो एकमेव विजय. दोन वर्षांनी त्याच गर्नीने इथेच ब्रॅबहॅमला पहिला विजय मिळवून दिला. पिटच्या पुढे रस्ता जंगलातून खाली घसरत वळणं घेत जातो आणि तळाशी नूवो मोंदचं हेअरपिन, एके काळी दगडी फरसबंदीचं. १९६८ ला पावसात जो श्लेसर एअर-कूल्ड होंडात याच सर्किटवर जळून मेला. त्याच दिवशी याकी इक्सने पहिली ग्रां प्री जिंकली, आणि पुढच्या वर्षी ल माँ. पिट आणि स्टँड १९९९ मध्ये पाडून टाकले, त्यामुळे पाहायला उतार, झाडं आणि वळणंच उरली आहेत. मला तेवढं पुरे.

दिएपची किंमत म्हणजे रूआँ शहर. उत्तरेकडून आलेला महामार्ग शहरात शिरून संपतो. पूल ओलांडून सेन नदीच्या पलीकडे, मग ए१३, मग पुन्हा ए२८. इथल्या मातिल्द पुलावर २०१२ मध्ये टँकर पेटला आणि तो जवळपास दोन वर्षं बंद होता, तेव्हा ल माँला जाणाऱ्यांनी काय काय वळसे घातले असतील! कॅलेहून येणाऱ्यांनाही हाच तिढा सोडवावा लागतो. संध्याकाळी पाच ते सातमध्ये तिथे जाऊ नये. आम्ही बुधवारी सकाळची फेरी घेतली आहे, म्हणजे पूल त्याआधीच मागे पडावा, मग सर्किटवर निवांत. ए१३ वर पॅरिस ते काँ टोलनाके काढून टाकलेत. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पैसे ७२ तासांत ऑनलाइन भरायचे असतात. ल हाव्रवरून जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवा, नाही तर दंडाचं पत्र इंग्लंडपर्यंत येतं.

सीमेवरच्या तपासणीनेही पारडं थोडं झुकवलं. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपची नवी प्रवेश-नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे: चेहऱ्याचा फोटो, बोटांचे ठसे. डोव्हरला फ्रेंच पोलीस ब्रिटनच्या जमिनीवरच तपासतात, म्हणजे रांग लांबली तर जहाज चुकतं. न्यूहेवन किंवा पोर्ट्समथहून गेलं तर फ्रेंच तपासणी पलीकडे उतरल्यावर. रांग टळत नाही, पण ती लागते तेव्हा आपण फ्रान्समध्ये असतो आणि चुकायला काही उरलेलं नसतं.

माझा पासपोर्ट ब्रिटिश, मित्राचा भारतीय. त्याला शेंगेन व्हिसा लागतो, तोही फ्रान्सचाच, कारण मुक्काम तिथे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शुल्क ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. तुमच्या गटात कुणी भारतीय पासपोर्टवाला असेल तर आधी अपॉइंटमेंट पाहा, मग फेरीचं न बदलणारं तिकीट काढा. व्हिसाची शेवटची तारीख परतीच्या दिवसाची न मागता पुढे चार दिवस मागा. जहाज रद्द झालं तर सोमवारी रात्री बंदरावर बसून कागद वाचायची वेळ येऊ नये. त्याची अपॉइंटमेंट झाली आहे, पासपोर्ट परत यायचा आहे. आमचं तिकीट म्हणूनच बदलता येणारं, थोडं महाग.

परतीवरून मात्र आमची जुंपली. रविवारी दुपारी चारला झेंडा पडतो. विस्त्रेआमहून रात्री अकराच्या सुमारास फेरी आहे, सकाळी पोर्ट्समथ, सोमवारी ऑफिस. मित्राचं म्हणणं, "रजा कशाला घालवायची? झोप काय, बोटीवर बी मिळतीया की!" गणित जुळतं, अंतर दोन तासांचंच. पण २०२५ च्या शर्यतीला ३ लाख ३२ हजार माणसं आली होती, आणि त्यातले निम्मेअधिक चारनंतर एकदमच बाहेर पडणार. शनिवारची रात्र आम्ही सर्किटच्या आर्नाज वळणावर काढणार, झोपणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. तशा अवस्थेत संध्याकाळी घड्याळाकडे बघत उजव्या बाजूने गाडी हाणायची, हे मला पटत नाही. शेवटी रविवारची रात्र तंबूतच, सोमवारी सावकाश निघून दुपारची विस्त्रेआम-पोर्ट्समथ फेरी, रात्री घर. एक रजा जास्त. मित्राने मान्य केलं, पण त्या बदल्यात सोमवारचं जेवण माझ्याकडून.

दोन वेगवेगळ्या मार्गांमुळे परतीच्या तिकिटाची सवलत गेली. फरक एवढा नव्हता की एसार सोडावं.

बाकी सटरफटर. प्रत्येकाला चमकतं जॅकेट, गाडीत त्रिकोण, हेडलाइटचे स्टिकर, मागे देशाचं चिन्ह यूके. जीबी आता चालत नाही. ब्रिटनमधून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पनीर आणि तूप घरीच. चिवडा, चकली, शेंगदाण्याची चटणी येणार. पेट्रोलचा भरलेला कॅन फेरीवर नको. परक्या मुलखात टाकी छोटी पडेल ही भीती नाही, महामार्गावर पंप आहेत, फक्त महाग.

फेरीच्या बुकिंगमध्ये गाडीची उंची विचारतात आणि छतावर पेटी लावली की गाडी वरच्या टप्प्यात जाऊन भाडं वाढतं. मी "पेटी नाही" भरून टाकलं आहे. तंबू, दोन खुर्च्या, शेगडी डिकीत बसतात, मागची सीट पाडली की झोपायच्या पिशव्याही. गॅझीबोच्या, म्हणजे सावलीच्या मांडवाच्या, दांड्या मात्र तिरक्या ठेवूनही गिअरपर्यंत येतात. कुणी छोट्या हॅचबॅकमध्ये तीन मीटरचा गॅझीबो नेला असेल तर कसा ते सांगा.