तुम्ही विचारलंत म्हणून: नक्की कोणाचे?

ठाण्याच्या आमच्या घरी येणारं कोणीही भिंतीकडे बघतं आणि विचारतं, "म्हणजे तुम्ही नक्की कोणाचे?" आम्ही ज्यू. एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषितांच्या तसबिरीशेजारी पणजोबा, पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतून मेसोपोटेमियाला गेलेले. खाली काका, 1971 च्या लढाईतले. कडेला आतेभावाचा मुलगा, इस्राएली गणवेशात.

साताऱ्याकडे कितीतरी घरांत असेच पणजोबा आहेत, छातीवर त्याच राजाचं पदक लावलेले. त्यांना कोणी विचारत नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, अठराव्या शतकापासून मुंबईच्या पलटणींत होतो. 1796 मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं तेही फौजेतल्याच सामाजी हसाजी दिवेकरांनी. पूर्वी मी एवढं सांगून वर 1971 च्या युद्धातले भारतीय सेनेचे ज्यू जनरल जेकब आणि पाकिस्तानी फौजेची ढाक्यातली शरणागती ऐकवायचे. जेकब कलकत्त्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले, आमच्यातले नव्हेत, पण उत्तराला वजन यावं म्हणून त्यांनाही ओढायचे. पणजोबा राजासाठी गेले की पगारासाठी, हे मात्र टाळायचे. पगारासाठीच गेले असणार.

आणि आत्याचं कधीच सांगितलं नाही. आजोबा तिला घेऊन इस्राएलला गेले, बाबा इथेच राहिले. 1962 मध्ये तिचं एका इराकी ज्यू मुलाशी ठरलं. तेव्हाच मुख्य रब्बींचा, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूंचा, आदेश निघाला होता: बेने इस्राएलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी आई, आजी, जमेल तितकं मागचं कूळ तपासा. ज्यू कूळ आईकडून धरतात. आजोबांकडे कागद कुठले? त्यांनी ट्रंकेतून पणजोबांचा फोटो काढून रब्बींच्या कचेरीत नेला. सिनेगॉगच्या पायऱ्यांवर गणवेशातली आपली माणसं. "आमचं कूळ यात आहे," म्हणाले. समोरच्या माणसानं फोटो नीट पाहिला आणि विचारलं, "यात बायका कुठे आहेत?"

एकही नव्हती. लढाईवर निघालेल्याचा फोटो काढून ठेवत, परतला नाही तर निदान चेहरा राहावा म्हणून. पणजीचा कोण काढणार? आजोबा उभ्यानं आजी-पणजींची नावं, त्यांची माहेरं सांगत राहिले. अलिबाग, पेण, रेवदंडा. कोणी लिहून घेतलं नाही. आत्या बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होती.

पुढे आमच्या लोकांनी तिथे धरणं धरलं. 1964 मध्ये आम्ही पूर्ण ज्यू असल्याचं मान्य झालं. तोवर ते स्थळ मोडलं होतं.

गणवेशातला तो मुलगा तिचाच नातू. फोटो तिनंच फ्रेम करून पाठवला, पणजोबांच्या शेजारी लाव म्हणाली. हा अभिमान, की अजून पुरावाच देते आहे, हे मी तिला विचारलेलं नाही. त्या कोवळ्या चेहऱ्याकडे बघून मला बहुतेक वेळा भीतीच वाटते. पण काढून ठेवा म्हणाल, तर काढणार नाही.