भुताचे देणे

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी मृगाच्या पावसात वीज गेली, की ती केव्हा येणार हे कोणी विचारत नाही. हे ठाऊक असल्यामुळे यंदा मी लॅपटॉपमध्ये २०१० ते २०१९ या दशकातले नावाजलेले भयपट भरून नेले होते आणि ओटीवर बसून बॅटरी पुरेल तेवढे ते रोज रात्री पाहत होतो. शेजारी फणसाच्या आठळ्या सोलत बसलेल्या आतेला त्यातली भाषा कळत नव्हती आणि भीती तर मुळीच वाटत नव्हती. २०१३ सालच्या ‘द कॉन्ज्युरिंग’मध्ये तळघराच्या काळोखातून दोन हात पुढे येऊन त्या बाईच्या कानापाशी टाळी वाजवतात, तेव्हा मी दचकलो; आते मात्र आठळी हातात धरून म्हणाली, “टाळये मारता ता कळला. पण तेका काय व्हया ता कोणी विचारल्यान काय?”

भुताला हवे तरी काय, या एका प्रश्नाने माझ्या यादीची पार उलथापालथ केली. आमच्याकडे भूत म्हणजे नुसता आवाज किंवा नुसते तोंड नव्हे. त्याला हद्द असते, मानपान असतो आणि त्याचे काही देणे असते. देवचाराची वाट वेगळी, मुंज्याचा पिंपळ वेगळा, गिरा पाण्याच्या कडेला भुलवणार, आणि राखणदाराला वर्षाची राखण, म्हणजे त्याचे ठरलेले देणे, मिळाली नाही तर त्याने काही केले तरी दोष घरच्यांचा. आरवलीचा वेतोबा तर भुतांचा राजा असून देव झालेला. तो रात्री गावभर हिंडतो आणि त्याच्या चपला झिजतात म्हणून भाविक त्याला केळ्यांच्या घडाबरोबर भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. ज्याच्या चपलांची काळजी घ्यायची, त्याची भीती निराळ्याच जातीची असते. या मापाने मोजू लागल्यावर पुष्कळसे चित्रपट पहिल्याच रात्री गळाले.

उरलेल्यांत पहिला मान अर्थातच ‘तुंबाड’चा, आणि तो केवळ गाववाला म्हणून नव्हे. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरात आला आणि फारसा गाजावाजा न होता गेला. २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई करून गेला. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतल्या गावाचे, म्हणजे जगबुडीकाठच्या खेड तालुक्यातले. कथा मात्र अगदी निराळी. त्यातला वाडा घाटावरचा, सासवडचा, हे कळले तेव्हा मला उगीचच राग आला होता, पण पाऊस पाहून तो गेला. तो पाऊस शोभेचा नाही. शेवाळलेल्या भिंती, कुबट लाकूड आणि कधीच न सुकणारे कपडे ज्याने आषाढात अनुभवले आहेत, त्याला पहिल्या पाच मिनिटांतच वास येऊ लागतो. आणि त्यातला शापित देव हस्तर! त्याला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही. म्हणून तो जन्माचा भुकेला. पिठाची बाहुली त्याच्यापुढे टाकायची, तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या कमरेच्या मुद्रा ओरबाडायच्या आणि दोर पकडून वर यायचे, एवढा साधा व्यवहार. हे सगळे मी आतेला सांगितले, तेव्हा तिला दया हस्तराची आली. भुकेल्याला पोटभर न देता नुसते भुलवायचे, हा तिच्या लेखी त्या मुद्रा ओरबाडणाऱ्या नायकाचा, विनायकरावांचा खरा अपराध होता, सोन्याची हाव ही नंतरची गोष्ट. मी हा चित्रपट चार वेळा पाहिला आहे. तो असा मला एकदाही दिसला नव्हता.

मराठीतला त्या दशकातला लक्षात राहावा असा भयपट म्हणजे विशाल फुरिया यांचा २०१७ चा ‘लपाछपी’. उसाच्या फडातले एकाकी घर, गरोदर बाई आणि जन्मू न दिलेल्या मुली, असा त्याचा विषय आहे. त्यातल्या मुलांना काय हवे ते कळते आणि कळल्यावर मान खाली जाते. उसात हरवण्याची सवय मात्र आम्हा कोकण्यांना नाही, त्यामुळे फडापेक्षा मला घरातली ती अतिप्रेमळ बाई अधिक भयंकर वाटली.

कोरियाचा ‘द वेलिंग’ (२०१६) अडीच तासांहून लांब आहे, आणि त्या रात्री बॅटरी दोनदा संपली. डोंगरातले ओले गाव, परगावचा एक माणूस, त्याच्यावर साऱ्यांचा वहीम आणि मग पोलिसाच्या आजारी मुलीसाठी बोलावलेला मांत्रिक. ढोल, कोंबडे, नाच आणि बळी यांचा तो विधी पाहताना आतेने प्रथमच आठळ्यांची परडी बाजूला ठेवली. हा कोणासाठी करतो आहे, मुलीसाठी की तिच्या विरुद्ध, हे प्रेक्षकाला कळू नये अशी त्याची मांडणी आहे. देवळात कौल लावल्यावर तो उजवा की डावा हे तरी दिसते. इथे कौलच खोटा असू शकतो. कोंबडा तीनदा आरवेपर्यंत घरात जाऊ नकोस, एवढी एकच अट त्या बापाला घातलेली असते, आणि पुढे काय होते ते मी सांगत नाही.

‘अ क्वाएट प्लेस’ (२०१८) आमच्याकडे पावसात पाहण्यात अर्थ नाही. आवाज झाला की प्राणी झडप घालतात, म्हणून त्यातले कुटुंब वाळूच्या वाटेवरून अनवाणी चालते. पण धबधब्यापाशी गेल्यावर बाप मुलाला ओरडून दाखवतो की इथे चालते. मागच्या पडवीच्या पत्र्यावर सरी कोसळू लागल्या, की आम्ही सहा महिन्यांची भांडणे मोकळ्या गळ्याने उरकली असती.

रॉबर्ट एगर्स यांच्या ‘द विच’मध्ये (२०१५) आतेचा प्रश्न उलटा होऊन भेटला. सतराव्या शतकातल्या अमेरिकेत वस्तीबाहेर काढलेले एक देवभोळे कुटुंब रानाच्या कडेला राहते; घरातली बरीचशी दृश्ये मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेली, त्यामुळे पडदा आणि आमची ओटी यांत फारसा फरक नव्हता. सारे संपल्यावर काळ्या बोकडाच्या रूपातला सैतान त्या घरातल्या थोरल्या पोरीला विचारतो, तुला काय हवे? लोणी हवे का, चांगला झगा हवा का? इतकी वर्षे घरात तिला हे कोणीही विचारले नव्हते.

शेवटच्या रात्री ‘द बाबाडूक’ लावला. ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर केंट यांचा हा पहिला चित्रपट, २०१४ चा. प्रसूतीसाठी रुग्णालयात नेताना नवरा अपघातात गेला, म्हणून मुलाचा वाढदिवस आणि नवऱ्याचे वर्षश्राद्ध एकाच दिवशी, अशा एका बाईच्या घरात काळ्या टोपीचा, लांब बोटांचा तो बाबाडूक शिरतो आणि काही केल्या जात नाही. शेवटी ती त्याला घालवत नाही. बागेतले किडे वाडग्यात गोळा करते आणि तळघरात नेऊन त्याच्यापुढे ठेवते. टीकाकार तळघरातल्या त्या दुःखाविषयी लिहितात आणि ते खरेच आहे, पण आतेला ती सरळसरळ राखण दिसली.

“ह्यां बरा केल्यान,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने तिने विचारले, “रोज देता, की अवसेक?”

चित्रपटात तसे स्पष्ट नाही. मी म्हणालो, रोज देत असावी.

“रोज?” आते परडी उचलून आत जाता जाता म्हणाली, “मगे डोक्यार चढान बसतलो तो.”