तारेला लागून राहणारं बोट

लाइपझिग, रविवार, रात्री अकरा

आज पहिल्यांदा क्लॅव्हिकॉर्ड वाजवला, पियानोच्याही आधीचं, पट्ट्या दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. अजून बोटांच्या टोकांना ती तार जाणवतेय.

इथल्या ग्रासी संग्रहालयात १५४३ सालचा क्लॅव्हिकॉर्ड आहे, साल कोरलेल्यांपैकी जगातला सर्वांत जुना. पण तिथे गेले होते तेव्हा माझा सगळा वेळ पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याच्या १७२६च्या पियानोपुढेच गेला. क्लॅव्हिकॉर्ड म्हणजे एक चपटी लाकडी पेटी, एवढंच लक्षात राहिलं.

आज आमच्या जर्मनच्या बाईंच्या घरी जुन्या घडणीबरहुकूम बनवलेला एक होता. मी पट्टी दाबली. काही ऐकूच आलं नाही. बाई उठल्या, स्वयंपाकघरातला फ्रीज बंद करून आल्या. "आता वाजवा," म्हणाल्या. आणि मग आला तो सूर. बारीक, पण अगदी भरलेला, शेजारी बसून कुणी स्वतःशीच गुणगुणावं तसा.

बाईंनी झाकण उघडून आतलं दाखवलं. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला पितळेची एक छोटी पाती उभी असते. पियानोतली हातोडी तारेवर आपटून मागे हटते, हार्पसिकॉर्डची नखी तार छेडून निघून जाते. ही पाती मात्र खालून तारेला लागते आणि बोट उचलेपर्यंत लागूनच राहते. तार कुठून वाजायची हेही तीच ठरवते. बोट उचललं की तारांमध्ये ओवलेली कापडी पट्टी आवाज गिळून टाकते.

बाजाच्या पेटीची सवय असल्यामुळे मी पट्टी तळापर्यंत दाबत होते आणि सगळे सूर चढे लागत होते. दाब वाढला की तार ताणली जाते, सूर वर सरकतो! तोच दाब हलके हलके कमी-जास्त केला की सूर झुलतो. जर्मनमध्ये त्याला बेबुंग म्हणतात.

मी आठ वर्षं पेटी शिकले. सुरांच्या पट्ट्यांवर आंदोलन, म्हणजे सुराचं संथ झुलणं, येत नाही, हे तेव्हा इतकं ऐकलंय. १९४०मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली, त्यामागेही हे एक कारण होतंच. आणि इथे बोटाखाली सूर हलत होता. मला भरून आलं, खरंच.

लगेच दरबारी रागाचा कोमल गंधार लावून पाहिला. नाही जमला. तो खालून, रिषभाच्या बाजूने झुलायला हवा, आणि हा सूर फक्त वर चढतो, तोही जरासाच. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, तर नाहीच. पण तोडीतला रिषभ धरून नुसती बसून राहिले, कितीतरी वेळ.

याच शहरात वाढलेल्या संगीतकार कार्ल फिलिप इमानुएल बाखने १७५३मध्ये लिहून ठेवलंय की वादकाची खरी पारख क्लॅव्हिकॉर्डवरच होते. पटलं. इथे बोटाची प्रत्येक हालचाल ऐकू येते.

पुढच्या रविवारी पुन्हा बोलावलंय. नखं कापून जायचं.