उन्हाळ्याच्या सुट्टीतली उन्हाळी: मनाली ते पुगा, स्वतःच्या गाडीने

माझं माहेर संगमेश्वरजवळ. आमच्याकडे गरम पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळं' म्हणतात. तुरळ, राजवाडी, आरवली ही उन्हाळी लहानपणापासून पायाखालची. त्यामुळे गाडी घेऊन हिमालयात जायचं ठरलं तेव्हा नवऱ्याला खिंडी हव्या होत्या, दिराला तंबू ठोकायचे होते आणि मला कुंडं हवी होती. "वहिनी, एवढे पैसे घालवून आंघोळीला चाललोय आपण," असं दीर सगळ्या वाटेने म्हणत होता. सगळ्यात जास्त वेळ पाण्यात तोच बसला.

पुणे ते चंदीगडबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तीन दिवस, जूनमधला राजस्थान, काचा बंद आणि एसीचा आवाज. पहाटे चारला निघा आणि दुपारी दोनला मुक्कामाला टेका, एवढंच.

पहिलं कुंड मणिकर्णचं. भुंतरहून पार्वती नदीच्या काठाने अरुंद रस्ता वर जातो. कसोलच्या आसपास दुपारी गाड्या अशा अडकतात की पेट्रोलपेक्षा डोकं जास्त जळतं. आम्ही सकाळी सातला गुरुद्वाऱ्यापाशी होतो, म्हणून पार्किंग मिळालं. पार्वतीच्या कानातला मणी इथे हरवला अशी कथा सांगतात, नाव त्यावरूनच. पण बघायचं ते स्वयंपाकाचं. लंगरचा भात आणि डाळ झऱ्यातच शिजते. बाहेर तांदूळ-चण्याच्या छोट्या पुरचुंड्या विकत मिळतात. पुरचुंडीची दोरी हातात धरायची आणि ती उकळत्या कुंडात सोडायची. आमचा तांदूळ साधारण वीस मिनिटांत शिजला. किंचित खारट लागला, पण मोकळा झाला होता. फरशी काही ठिकाणी इतकी तापते की अनवाणी उड्या मारत चालावं लागतं. जाड मोजे सोबत ठेवा. पुढचं खीरगंगेचं कुंड चालत जायचं आहे आणि आमच्याकडे दिवस नव्हते, म्हणून ते सोडलं.

वशिष्ठचं कुंड मनालीपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, मंदिराच्या आवारात. बायकांचं कुंड वेगळं आहे, भिंतीआड. आधी बाहेरच्या नळाखाली अंग धुवायचं, कुंडात साबण न्यायचा नाही. गंधकाचा वास केसांना दोन दिवस राहतो. चांदीचे दागिने काढून ठेवा, माझी जोडवी काळी पडली. पाणी पहिल्यांदा सोसत नाही. काठावर बसून पाय सोडा, मग गुडघे, मग खांदे. शेजारच्या पहाडी आजी माझी ही कसरत बघून हसत होत्या, त्या थेट गळ्यापर्यंत उतरल्या.

इथे आम्ही चूक केली. सकाळी वशिष्ठला तासभर डुंबलो आणि त्याच दिवशी थेट सरचूपर्यंत गेलो. अटल बोगद्यामुळे (९.०२ किमी, २०२० साली सुरू झाला) रोहतांगची चढाई वाचते, रस्ता भराभर संपतो आणि आपल्याला वाटतं आपण फार शूर. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे, सरचू ४,२९०. मध्ये बारालाचा ला ही खिंड. रात्री दोनला दीर तंबूतून बाहेर येऊन उलट्या करायला लागला. डोकं फुटतंय म्हणाला, नीट चालताही येईना. उजाडताच तंबू गुंडाळला आणि मागे फिरून जिस्पाला उतरलो. दुपारपर्यंत पठ्ठ्या डाळभात मागत होता.

म्हणून मागून येणाऱ्यांनी सरचूला झोपूच नये. जिस्पा साधारण ३,२०० मीटरवर, भागा नदीच्या काठी आहे. तिथे दोन रात्री काढा. कॅम्पवाल्याला विचारलं तर थोडे पैसे घेऊन तो स्वतःचा तंबू लावायला जागा देतो, संडास आणि पाणी त्याचं. नदीच्या अगदी कडेला तंबू लावू नका. बर्फ दिवसभर वितळतं आणि संध्याकाळी पाणी चढतं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला निघून थेट लेह गाठा. सव्वातीनशे किलोमीटरच्या वर अंतर आहे, आम्हाला संध्याकाळचे सहा वाजले. उंच खिंडी ओलांडायच्या, पण झोपायचं खाली. पहाटे निघण्याचा दुसरा फायदा म्हणजे झिंगझिंगबारच्या आसपासचे नाले सकाळी घोट्याइतके असतात, दुपारी तेच गाडीच्या दारापर्यंत येतात. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या घ्यायच्या की नाही, ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, व्हॉट्सॲपला नको.

जिस्पाच्या अलीकडे तांदीला टाकी फुल्ल करा आणि लेहजवळच्या कारूपर्यंत पंपाच्या भरवशावर राहू नका. प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, तिघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड हवं. भाड्याची सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेऊन लडाखात फिरायचा विचार सोडा. स्थानिक टॅक्सीवाले अडवतात, आणि त्यांचं पोट त्यावर आहे हेही खरं.

लेहला दोन दिवस नुसते लोळलो. मग उपशीहून सिंधूच्या काठाने चुमाथांग. रस्ता सुरेख, रहदारी नाही. इथे नदीच्या कडेलाच वाळूतून वाफा निघतात. एक पाय उकळत्या पाण्याच्या धारेजवळ आणि दुसरा सिंधूच्या बर्फाळ पाण्यात, असं मी खरंच करून पाहिलं. उघड्यावर उतरायचं तर अंगभर कपडे हवेत, गावातल्या बायका येत-जात असतात. आंघोळीच्या बंद खोल्याही मिळतात. पण इतक्या उंचीवर दहा मिनिटं पुरे. मी वीस मिनिटं बसले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आधी आणि नंतर पाणी प्या.

माहे पुलावरून वळून सुमदोच्या पुढे पुगा. इथे आंघोळीचं नाव काढू नका. साधारण ४,४०० मीटरवरची ही दरी म्हणजे उकळतं दलदलीचं कुरण. पाण्याचे फवारे, पिवळं गंधक, पांढरा टाकणखार. पायाखाली तो पापडासारखा मोडतो. नवऱ्याचा बूट एकदा आत गेला, नशीब की खाली नुसता कोमट चिखल होता. मळलेल्या वाटेवरूनच चाला. दरीत भटक्या चांगपांच्या मुलांची निवासी शाळा आहे. २०२१ साली ओएनजीसीने इथल्या वाफेवर १ मेगावॅट वीज करण्याचा करारही केला.

दिराला मणिकर्णचा प्रयोग इथे पुन्हा करायचा होता. झऱ्याच्या पाण्यात टाकणखार असल्याने त्यात थेट काही घालायचं नाही असं मी बजावलं. म्हणून तांदूळ पाण्यासकट स्टीलच्या डब्यात बंद करून डबा झऱ्यात धरला. पाऊण तासाने उघडला, दाणा अजून कच्चा. मणिकर्णला पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं, पुगाला ८५ला. तेवढ्यात भात अडतो. तात्पर्य, कितीही जड वाटला तरी छोटा कुकर गाडीत हवाच. मुक्कामाला पोचल्यावर तोच तांदूळ कुकरला लावला आणि मेतकूट-तुपाबरोबर खाल्ला. चिवड्याची पाकिटं उंचीवर फुग्यासारखी होतात, आधीच टाचणीने टोचून डब्यात भरा. आमचं एक पाकीट बॅगेतच फुटलं आणि पुढचे चार दिवस मोज्यांतून शेंगदाणे निघत होते.

पुगा आणि त्सो कार भागात तंबू लावू नका. ही कुरणं क्यांगची, म्हणजे रानगाढवांची, आणि पक्ष्यांची. त्सो कार तळं तर रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आम्ही सुमदोला एका घरात राहिलो. चुमाथांगचा ओला टॉवेल मी दाराबाहेर दोरीवर टाकला होता. सकाळी काढायला गेले तर तो पाटासारखा कडक, घडीच होईना. घरच्या आमा-लेंनी (आईंना तिथे असं म्हणतात) तो माझ्या हातातून घेतला, चुलीमागे भिंतीला टेकवून उभा केला आणि मला चहा दिला. माणशी दोन टॉवेल न्या.