गेलेल्या फोटोग्राफरचे स्कॅन मागवले, माझा अनुभव

आमच्या नाटकाच्या बाईंवर स्मरणिका काढायची होती. त्यांच्या तालमींचे सगळ्यात जिवंत फोटो ज्यांनी काढले ते फोटोग्राफर जाऊन बरीच वर्षं झालीत, निगेटिव्ह घरच्यांनी एका अर्काइव्हला, म्हणजे जुने फोटो आणि कागदपत्रं जपणाऱ्या संस्थेला दिल्यात. मी मेल टाकला की बाईंचे असतील तेवढे सगळे फोटो पाठवा. उत्तर आलं, रोल नंबर, फ्रेम नंबर (म्हणजे रोलमधला कितवा फोटो) आणि फोटो कशासाठी हवेत ते कळवा. तेव्हा राग आला, पण हजारो निगेटिव्हमधून ते तरी काय शोधणार!

मग सूची आणि कॉन्टॅक्ट शीटचे, म्हणजे एका रोलचे सगळे फोटो ज्या एकाच कागदावर लहान आकारात छापलेले असतात त्याचे, छोटे स्कॅन मागवले आणि भिंग घेऊन बसल्यासारखी एकेक फ्रेम बघितली. ३५ एमएम फिल्मच्या कडेला १२ आणि १२ए असे दोन्ही आकडे असतात हं, मी नुसतं १२ लिहिलं आणि शेजारचाच फोटो आला. आणि छापायचं असेल तर टिफच (फोटोचे बारकावे न गमावणारी मोठी फाइल) मागा, मला आधी आलेली १५०० पिक्सेलची जेपेग ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ५ इंच छापली जाते.

खरा वेळ गेला परवानगीत. निगेटिव्ह ज्यांच्याकडे, हक्कही त्यांचाच असं मला वाटायचं, पण कॉपीराइट वेगळा लिहून दिला नसेल तर तो वारसांकडेच राहतो आणि बऱ्याच देशांत फोटोग्राफर गेल्यावर ५०, ६० किंवा ७० वर्षं चालतो. अर्काइव्हने वारसांचा पत्ता दिला नाही, माझं पत्र मात्र पोचवलं, आणि हेच योग्य आहे.

फोटोग्राफरच्या मुलीचा फोन आला. म्हणाल्या, "बाबांनी या फ्रेमवर खूणच केलेली नाही, मग तुम्हाला हीच का हवी?" बरोबर होतं त्यांचं, कॉन्टॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीच्या चौकटी दुसऱ्याच फोटोंवर होत्या, जिथे बाई रुबाबात उभ्या आहेत. माझ्या फ्रेममध्ये त्या स्टेजच्या कडेला खाली बसून एका घाबरलेल्या पोराकडून वाक्य पाठ करून घेतायत. मी म्हटलं, आम्हाला बाई अशाच आठवतात. त्या थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या भावाशी बोलते. दहा दिवसांनी दोघांच्या सह्या आल्या, अट एवढीच की फोटो कापायचा नाही आणि खाली बाबांचं नाव हवं.

टिफ आली, मोठी करून बघितली तर पोराच्या हातातल्या कागदावर बाईंचं अक्षर दिसत होतं, कुठे थांबायचं त्या उभ्या रेघांसकट.