मडगाव ते नाशिक : फायबरची गाडी आणि मालवणचे काका

सॅन स्टॉर्म घेतली म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, कुठली फॉरेनची आहे का? अहो फॉरेनची नाही, शेजारच्या गोव्यात बनलेली गाडी आहे. रेल्वेची शंटिंगची इंजिनं बनवणाऱ्या बंगळूरच्या कंपनीच्या घरातली. डिझाइन फ्रान्समधलं, इंजिन रेनॉचं ११४९ सीसीचं, ताकद साठ हॉर्सपॉवर, सीट दोनच, वर कापडी छत आणि बॉडी फायबरची, म्हणजे फायबरग्लासची. १९९८ मध्ये आपल्याकडे सँट्रो, मॅटिझ, इंडिका एकापाठोपाठ आल्या आणि सगळा देश त्यांच्या मागे लागला, आणि त्याच सुमाराला कोणीतरी भारतात उघड्या टपाची स्पोर्ट्स कार बनवायचं धाडस करत होतं हे मला तेव्हापासून फार भारी वाटत आलंय. अशा गाड्या मुळात थोड्याच बनल्या, त्यातून चालू स्थितीत असलेली आणि कागद सरळ असलेली मिळणं म्हणजे नशीबच. मला मडगावला मिळाली. लाल रंग, एकच मालक, रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं, गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला लागणारी फॉर्म २८ ची एनओसी हातात तयार. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि किल्ली माझ्या हातात आली.

साठ हॉर्सपॉवर ऐकून लोक हसतात. त्यांना मी एकच सांगतो, एकदा बसून बघा. बूड जवळपास रस्त्याला टेकलेलं असतं, ट्रकच्या चाकाचा मधला भाग तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येतो, छत काढलेलं असलं की साठच्या स्पीडला सुद्धा अंगात वारं भरतं. गाडी हलकी आहे त्यामुळे वळणावर स्टेअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, विचार करत बसत नाही. आजकालच्या दीड-दोन टनाच्या एसयूव्हीमध्ये मला हे कधी मिळालं नाही आणि मिळणारही नाही.

मित्रांचं म्हणणं होतं की आंबोलीमार्गे वर चढ, पुढे कोल्हापूर-पुणे हायवे, सरळ काम. शहाणा सल्ला होता पण मला पटला नाही. गोव्यात बनलेली गाडी पहिल्यांदा घरी न्यायची तर ती कोकणातूनच न्यायची हे माझं आधीच ठरलेलं. डिसेंबरचा महिना, हवा छान, सकाळी लवकर मडगाव सोडलं. झुआरीवरचा नवा पूल, मग मांडवीवरचा अटल सेतू, दोन्हीवरून छत उघडं ठेवून गेलो. अटल सेतूवर खाली पणजी आणि कॅसिनोची जहाजं दिसत होती. पेडणे, बांदा, सावंतवाडी पटापट मागे पडलं. इथपर्यंत रस्ता एक नंबर, गाडी पण खूष, टेम्परेचरचा काटा मधोमध.

आणि मग कुडाळजवळ नाश्त्याला थांबलो.

हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण मला अजून राग आहे. गाडी लावली, पाच मिनिटांत भोवती गर्दी. गर्दीचं मला काही वाटत नाही, उलट आवडतं, लोकांनी बघावं, विचारावं, मी मनापासून सगळं सांगतो, बोनेट उघडून दाखवतो. एक शाळकरी पोरगा तर हात मागे बांधून गाडीभोवती फिरला आणि एक्झॉस्टपासून हेडलाइटपर्यंत प्रश्न विचारत बसला, त्याला मी आत बसवलं सुद्धा. पण मी घावनं खात असताना टूरिस्टांचा एक ग्रुप आला. त्यातल्या एकाने न विचारता मागच्या मडगार्डवर बूड टेकवलं, दुसरा त्याच्या खांद्यावर रेलला, आणि तिसरा फोटो काढतोय. मी ओरडेपर्यंत तो आवाज आला. टक्. पत्रा असता तर चेपला असता, ठोकून काढला असता. फायबर चेपत नाही, थेट तडकतं. मागच्या चाकाच्या कमानीपासून वर वीतभर तडा. तो माणूस काय म्हणाला माहितीये? "एवढ्याने तुटते म्हणजे गाडीच बेकार आहे." सॉरी नाही, काही नाही, बसले त्यांच्या गाडीत आणि गेले. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारायचं असतं हे घरून शिकवलेलं नसेल तर रस्त्यावर कोण शिकवणार?

जवळच्या एका गॅरेजला दाखवलं. त्याने दुरूनच मान हलवली, "पार्ट मागवा, बदलून देतो." अहो हा पार्ट आणायचा कुठून, या गाडीचं प्रॉडक्शन बंद होऊन वर्षं झाली. तसंच पुढे जावं तर खड्ड्यागणिक तडा वाढणार हे नक्की. परत नाश्त्याच्या ठिकाणी येऊन चहा घेत बसलो तर जो मुलगा वाढायला होता तोच म्हणाला, "ह्या पत्र्याचा काम नाय, फायबराचा आसा. तुमी मालवणाक जावा, थंय होडये दुरुस्त करतत." इतकी साधी गोष्ट, आणि ती सुचली त्या पोराला. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या कितीतरी होड्या आता फायबरच्याच आहेत, त्या खडकावर आपटतात, तडकतात, आणि कोणीतरी त्या रोज सांधतच असतं.

नेरूरपारमार्गे मालवणला गेलो, सगळा रस्ता वीस-पंचवीसच्या स्पीडने. स्पीडब्रेकरबद्दल इथेच बोलून घेतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, म्हणजे गाडी त्यावरून आरामात तरंगत जावी असा. गावागावात प्रत्यक्षात जे आहेत ते हातभर रुंदीचे उभे बांध आहेत, ना पांढरे पट्टे, ना आधी बोर्ड. इतकी बुटकी गाडी त्यावरून तिरकी काढावी लागते, एकेक चाक करून, आणि मागून हॉर्न वाजत असतात. त्यात हा तडा. प्रत्येक बांधाला माझ्या पोटात गोळा.

मालवणात विचारत विचारत किनाऱ्याजवळच्या एका शेडपाशी पोचलो. माडाखाली एक होडी उपडी घातलेली, आणि साठीच्या घरातले एक काका ग्राइंडर घेऊन तिच्यावर वाकलेले. अंगभर पांढरी धूळ. त्यांनी मशीन बंद केलं, गाडीकडे बघितलं, खाली बसले आणि मडगार्डच्या आतून बोटं फिरवली. वरून नाही, आतून. मग म्हणाले, "बसलो कोण हिच्यार?" मी काही सांगायच्या आधी! तड्याच्या दिशेवरून त्यांना कळलं होतं की वजन वरून पडलंय. मी सगळं सांगितलं. त्यांनी त्या टूरिस्टांना दोन मालवणी शिव्या घातल्या ज्या इथे लिहिता येणार नाहीत, आणि मला फार बरं वाटलं.

मी म्हटलं काका, वरून काहीतरी भरून द्या, नाशिकपर्यंत जाऊ दे. त्यावर ते माझ्याकडे बघून म्हणाले, "वरसून चोपडून काय उपेग नाय रे बाबू. तडो भितूरसून धरूक व्हयो."

मग जे काम बघितलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. आधी चाक काढलं. जिथे तडा संपत होता तिथे बारीक ड्रिलने एक भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकायचा थांबला. मग आतल्या बाजूने ग्राइंडरने सगळी जुनी धूळ, माती, रंग काढून फायबर खरबरीत केलं, कारण गुळगुळीत जागेवर रेझिन, म्हणजे फायबर सांधायची राळ, धरत नाही. चॉप मॅटचे, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटईचे, तुकडे हातानेच फाडले, कात्रीने नाही. विचारलं तर म्हणाले फाडलेल्या कडेचे धागे मोकळे राहतात आणि जुन्या फायबरमध्ये मिसळतात, कापलेल्या कडेची रेघ उमटते. डब्यात रेझिन ओतलं, त्यात ते घट्ट करणारं हार्डनर मोजून घातलं. जास्त पडलं तर पसरायच्या आत घट्ट होतं आणि तापून तडकतं, कमी पडलं तर चिकटच राहतं. समुद्राकाठची दमट हवा, त्या दिवशीचं ऊन, सावली, हे सगळं बघून किती घालायचं ते ठरवत होते. पहिला थर, ब्रशने टोकून टोकून आतली हवा बाहेर काढली, एक बुडबुडा राहिला तो बोटाने दाखवून परत टोकला. मग दुसरा थर, जरा मोठा तुकडा. मग तिसरा, अजून मोठा. रेझिनचा तो नाकात जाणारा उग्र वास, आणि थोड्या वेळाने हात जवळ नेला तर जागा गरम लागत होती. आतली बाजू धरल्यावरच त्यांनी बाहेरून तड्याची खाच करून ती भरली आणि पॉलिश पेपर मारला.

मध्येच म्हणाले, "ही गाडी खंयची, ही तर होडी!" आणि खरंच, ज्याने ही गाडी बनवली त्याने सुद्धा असंच साच्यात मॅट आणि रेझिनचे थर देऊनच बॉडी काढली असणार. म्हणून सांगतो, शहरातल्या चकचकीत वर्कशॉपपेक्षा या माडाखालच्या शेडमध्ये माझी गाडी जास्त ओळखीच्या हातात होती.

पूर्ण सुकायला रात्र जाऊ दे म्हणाले. जवळ राहायला खोली त्यांनीच बघून दिली. दुपारी घरी जेवायला घेऊन गेले, काकूंनी बांगड्याची आमटी, भात आणि सोलकढी वाढली. मी संकोचत होतो तर काकू म्हणाल्या, "लाजू नको, जेव." हॉटेलात हजार रुपयांच्या थाळीला ही चव नसते आणि हा आग्रह तर नसतोच. कोकणी माणूस तुसडा असतो असं घाटावर सर्रास बोललं जातं, ते बोलणाऱ्यांनी एकदा इकडे संकटात सापडून बघावं.

पैसे किती विचारलं तर म्हणाले, "होडयेक घेतंय तेवढेच." आणि घेतले तेवढेच, एक रुपया जास्त नाही. रंग मात्र लावून देणार नाही म्हणाले, तो माझा धंदा नाही, तिकडे चांगल्या माणसाकडून करून घे. त्यांची एकच इच्छा होती, सकाळी बंदरावर जायचं होतं ते या गाडीतून. सकाळी छत उघडलं, काका शेजारी बसले, डोक्यावर टोपी घट्ट ओढली आणि आम्ही निघालो. बाजारातून जाताना दर दहा पावलांवर कोणीतरी हाक मारत होतं आणि काका प्रत्येकाला ओरडून सांगत होते, "फायबर मी मारलंय!" बंदरावर समोर सिंधुदुर्ग किल्ला, होड्या लागलेल्या, माशांचा लिलाव चाललेला, तो सोडून माणसं गाडीभोवती आली. पण काकांनी कोणाला टेकू दिलं नाही. "हात लावा, बसा नको." जोडाच्या जागी एकेकाचा हात धरून फिरवून दाखवत होते, बघ खंय लागता काय.

पुढचा प्रवास थोडक्यात. कसालला हायवेला लागलो, चिपळूणला मुक्काम. मुंबई-गोवा हायवेचं पनवेल-इंदापूरचं (रायगडमधलं इंदापूर) चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि मी गेलो तेव्हाही हायवेवर कामं चालूच होती, त्यावर आता वेगळं काय लिहायचं, संगमेश्वरच्या आसपास डायव्हर्जनची तांबडी धूळ खाऊन मी आणि गाडी एकाच रंगाचे झालो आणि छत लावावंच लागलं. उघड्या गाडीने जाणाऱ्याने तोंडाला बांधायला रुमाल जवळ ठेवावाच. कशेडीच्या बोगद्यात मात्र परत छत काढलं होतं, दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि त्या ११४९ सीसीचा आवाज भिंतींवरून असा परत आला की वाटलं मागून कोणीतरी मोठी गाडी येतेय. परत दाबला.

माणगाववरून ताम्हिणी. सकाळची वेळ, आठवडी सुट्टी नव्हती त्यामुळे रस्ता रिकामा, आणि या गाडीसाठी यापेक्षा चांगला रस्ता मी अजून बघितलेला नाही. निजामपूर सोडलं की चढ सुरू, एकामागून एक वळणं, गिअर तिसरा-दुसरा-तिसरा, ब्रेकला फार हात लावावा लागत नाही, गाडी वळणाला चिकटून जाते. कानात वारं, मध्येच थंड सावलीचा पट्टा, मध्येच ऊन. मुळशीला थांबून पहिलं काम काय केलं असेल तर चाकाच्या कमानीत हात घालून जोड चाचपला. जसाच्या तसा. केसाएवढी सुद्धा रेघ नाही. काकांना फोन लावला, ते म्हणाले माका ठावक हा.

चाकणला ट्रॅफिकमध्ये जो वेळ गेला त्यात ताम्हिणी परत एकदा झाली असती. उन्हात, ट्रेलरच्या मध्ये, त्यांच्या धुराच्या उंचीवर बसून. ज्यांना जमेल त्यांनी तो पट्टा भल्या पहाटे पार करा. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर आणि दिवेलागणीला घर. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, बाबांनी गाडीभोवती फेरी मारून विचारलं, हा पांढरा डाग कसला? मग सगळी गोष्ट परत पहिल्यापासून.

आता एमएच १५ नंबरचं काम चालू केलंय, आरटीओत एनओसी दिली, टॅक्सचं बघायचंय. इंजिनचं मला टेन्शन नाही, ते रेनॉचं आहे, पार्टचं काही ना काही जमतं. अडचण आहे ती बाहेरच्या सामानाची. दरवाजाची रबरं कडक झालीत आणि छताचं कापड शिवणीवर विरायला लागलंय. स्टॉर्मचं जुनं छत, निदान मापाला तरी, कोणाकडे पडलेलं असेल किंवा कन्व्हर्टिबलचं छत नीट शिवणारा कारागीर नाशिक-पुणे-कोल्हापूरकडे माहीत असेल तर जरूर कळवा, मी गाडी घेऊन तिथपर्यंत येईन.