उठबस

जन्मभर आल्यागेल्याची उठबस केली आणि एकसष्टाव्या वर्षी नेमकी उठबस याच विषयात नापास झाले. घरात हे इतक्यांदा बोलून झालंय की आता कुणी हसतही नाही.

झालं असं, की डोंगरवाटा चालणाऱ्या एका गटात मला नाव घालायचं होतं. साठीपुढच्यांसाठी त्यांचा तंदुरुस्तीचा एक फॉर्म असतो, तो एका ठरावीक तपासणी केंद्रातून भरून आणावा लागतो. रकाने चारच. रक्तदाब, कमरेचा घेर, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं आणि तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता. पहिले तीन दहा मिनिटांत भरून झाले. चौथ्याला चार महिन्यांहून जास्त लागले, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्या चौथ्यापायीच.

मी अकरा वर्षं रोज चालते. रोज म्हणजे रोज. त्यामुळे केंद्रात शिरले तीच जरा रुबाबात. स्टॉपवॉच घेतलेला मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. म्हणाला, "काकू, खुर्चीच्या मध्यावर बसा, पाठ टेकू नका. दोन्ही हात छातीवर दुमडा, तळवे खांद्यांवर. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. सुरू."

पहिल्या पाच झाल्या कधी ते कळलंही नाही. सहावीला मांड्या जाग्या झाल्या. आठवीला श्वास कोंडून धरला होता, ते त्या मुलाच्याच लक्षात आलं. दहावीला अर्ध्यावर अडकले आणि हात आपोआप मांडीवर गेला.

"नऊ. दहावी धरत नाही काकू, हात लागला."

साठ ते चौसष्ट या वयाच्या बायकांना किमान १२ हव्यात, पुरुषांना १४. वय वाढेल तसा आकडा उतरतो. नव्वदी ओलांडलेल्या बाईला ४ चालतात. म्हणजे नव्वदीच्या बाईच्या दुपटीने मी काढल्या होत्या, पण हे बोलायची ती जागा नव्हती. फॉर्मवर निळ्या शाईत '९' पडला आणि खाली शिक्का, 'पुन्हा चाचणी, १२ आठवड्यांनी'.

"अहो, मी रोज दहा हजार पावलं चालते," मी म्हटलं.

"चालणं वेगळं, उठणं वेगळं," तो म्हणाला आणि त्याने पुढचा नंबर पुकारला.

राग आला, पण मुलगा बरोबर होता. सपाट वाटेवर चालताना गुडघा फारसा वाकतच नाही, मांडीच्या पुढच्या स्नायूंवर अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यात कधी पडत नाही. वर्षानुवर्षं चालूनही तो स्नायू आपल्या गतीने झिजतच राहतो, आणि ही झीज तिशीनंतरच चालू झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली काढलेल्या शिफारशींतलं 'आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम' हे अर्धं वाक्य मला तोंडपाठ होतं. त्याच्याच पुढे आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम लिहिलाय, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव तीन दिवस. ते मी कधी वाचलंच नव्हतं. आणि दहा हजार पावलांबद्दल इतकी वर्षं कॉलर ताठ करून फिरले तो आकडा कुठून आला म्हणाल, तर १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं होतं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा नावात आधी आला, त्याच्यावरचा अभ्यास मागाहून. चालू नका असं मी म्हणत नाही. मी अजूनही चालते. फक्त आता ऐट कमी झालीय.

असो. बारा आठवडे होते हातात.

घरात जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. चाकांची खुर्ची चुकूनही घेऊ नका, आणि भिंतीचा टेकू हवाच, नाहीतर बसताना खुर्ची मागे सरकते आणि तुम्ही जमिनीवर. पहिल्या दिवशी उत्साहात चाळीस वेळा उठले. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला लटकत उतरले. स्नायू असे एक-दोन दिवसांनीच बोंब मारतात हे तेव्हा कळलं. मग एक दिवसाआड करायला लागले. दहाचा एक हप्ता, दोन मिनिटं थांबायचं, पुन्हा दहा.

उठण्यातही एक युक्ती आहे, ती मला फार उशिरा सापडली. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे ओढून घ्यायचे आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायचं. मग अंग अलगद उचललं जातं. मी आधी सरळ वरच्या दिशेने उठायला बघत होते, म्हणजे बादली लांब धरून उचलण्यातला प्रकार. उठताना श्वास सोडायचा. कोंडून धरला की रक्तदाब उसळतो.

बसायचं मात्र सावकाश. एक, दोन, तीन मोजत. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया गेला, कारण खाली येताना ताणला जात असतानाच स्नायू अंगाचं ओझं पेलत असतो. माझा चोवीस वर्षांचा भाचा हसत होता, त्याला म्हटलं तीन मोजत बस बघू. पाचव्या वेळी त्याचं हसू थांबलं. व्यायामशाळेत जातो तो, आठवड्यातून चारदा.

रोजच्या सवयीत हे बसवायचं तर वेगळा वेळ काढू नका, तो निघत नाही. मी एवढंच ठरवलं, की दिवसभरात जिथे बसेन तिथे हात न टेकता बसायचं आणि हात न टेकता उठायचं. फोन आला की उभं राहून बोलायचं. दात घासताना एका पायावर, मधोमध पाय बदलायचा, शेजारी बेसिन धरायला असतंच. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात त्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये यावर अभ्यास झाला होता, २०१० सालचा, त्यात सरासरी ६६ दिवस निघाले, आणि कुणाला १८ तर कुणाला २५४. मला पन्नासेक लागले असतील. मधे एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात होतं. मी चुकवलेले दिवस मात्र सांगणार नाही.

आठव्या आठवड्यात घरच्या खुर्चीवर १४ झाल्या. बाराव्यात १५. ठरल्या दिवशी मी पहिल्या नंबरला हजर.

आणि झाल्या अकरा.

हात लागला नव्हता, श्वास कोंडला नव्हता, नाक बोटांवर होतं. तरी अकरा. बाराव्या वेळी अर्ध्याच्या खालीच होते तेव्हा तो 'थांबा' म्हणाला. तीस सेकंद संपताना अर्ध्याच्या वर असाल तर ती धरतात, अर्ध्याखाली असाल तर नाही. मी खालीच होते, मान्य. पण घरी पंधरा आणि इथे अकरा?

मी त्या खुर्चीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. गादीची खुर्ची, मधोमध खळगा पडलेला. कित्येक वर्षं कित्येक माणसं तिच्यात बसून गेली असतील. वितीने मोजलं तर जमिनीपासून खळग्यापर्यंत दोन विती भरेनात. पर्समध्ये शिवणाची टेप असते माझ्या, ती काढली. गादी तळव्याने दाबून मोजलं, ३९ सेंटिमीटर.

"काकू, काय करताय?"

"खुर्ची मोजतेय."

"सगळ्यांना हीच असते."

घरी आल्याआल्या, चप्पल न काढता, टेबलाची खुर्ची मोजली. ४८. नऊ सेंटिमीटरचा फरक! ऐकायला किरकोळ वाटतं. पण आसन जितकं खाली, तितका गुडघा जास्त वाकतो आणि तितक्या खोलातून सगळं अंग वर ओढावं लागतं. विश्वास बसत नसेल तर आत्ता उंच स्टुलावरून आणि मग पाटावरून उठून बघा. मी बारा आठवडे सोप्या परीक्षेचा अभ्यास करत होते. आणि फॉर्मच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, छापलेलं होतं, 'सरळ पाठीची, हात नसलेली खुर्ची, आसनाची उंची सुमारे ४३ सें.मी.' म्हणजे माझी पाच सेंटिमीटर उंच आणि त्यांची चार सेंटिमीटर खोल. दोघंही चूक. पण शिक्का त्यांच्याकडे.

दुसऱ्या दिवशी फॉर्म उलटा धरून काउंटरवर उभी राहिले. काउंटरवरच्या बाईंनी वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं, म्हणाल्या, "सर आल्यावर बोला." सर अकराला येणार होते, पावणेएकला आले. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, खुर्चीचा विषय आमच्याकडे येत नाही." मग कुणाकडे येतो? खरेदीकडे. खरेदी विभाग त्या इमारतीतच नव्हता. चाचणी आज पुन्हा घ्या म्हटलं, तर सहा आठवड्यांच्या आत घेता येत नाही. निदान शेऱ्यात खुर्चीची उंची लिहा म्हटलं, तर शेऱ्याच्या रकान्यात फक्त 'पात्र' किंवा 'अपात्र' लिहितात. मी एवढी संतापले होते की मागे रांगेतल्या गृहस्थांनी "ताई, आधी बसून घ्या" म्हणून मला शेजारच्या बाकावर बसवलं.

तेवढ्यात माझा रक्तदाब घेतला असता तर तो रकानाही गेला असता. हे आठवलं म्हणून सांगते, रक्तदाब मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत, दंड हृदयाच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. लघवी तुंबवून बसू नका. मोजताना बोलू नका, मोजणारा कितीही गप्पिष्ट असो. धावतपळत आलेल्यांचे आकडे चढलेले मी त्या बाकावरून पाहिलेत.

पुढचे सहा आठवडे मी इरेला पेटले होते. माळ्यावरून एक बुटका स्टूल काढला, मोजला, ४० भरला. त्यावरून पहिल्या दिवशी आठ झाल्या. म्हणजे अकरा हे माझं खरं यशच होतं, पण तेव्हा ते कुणी सांगितलं असतं तर मी त्याला स्टूल फेकून मारला असता. पहिल्या आठवड्यात स्टुलावर उशी ठेवून उंची वाढवली, मग पातळ उशी, मग नुसता स्टूल. गुडघा दुखत असेल त्यांनी अशीच उंचावरून सुरुवात करावी आणि हळूहळू खाली यावं. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर जागीच थांबून डॉक्टर गाठायचा, इरेला पेटणं तिथे चालत नाही.

आणि वय झालंय आता, हे कारण तर मला कुणी सांगूच नये. १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. हा आकडा मी वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्टुलासमोरच्या भिंतीवर चिकटवला होता. भाचा येताजाता वाचायचा.

सहा आठवडे संपले. मी गेले तेव्हा स्टुलावर १२ निघत होत्या. टेप पर्समध्ये होतीच. आत शिरले तर समोर नवी कोरी लाकडी खुर्ची. कडक आसन. मी कुणाला न विचारता टेप लावली. ४३.

"बदलली काकू," मुलगा म्हणाला. चेहरा असा, जणू आपणहूनच सुचलंय.

खरं सांगायचं तर माझा विरस झाला. सहा आठवडे मी त्या खळग्याची तयारी केली होती, मला तिच्यातूनच बारा काढून दाखवायच्या होत्या. नवीवर पंधरा झाल्या. शेवटच्या दोन वेळी तर मी मुद्दाम सावकाश बसले. त्याने पंधरा लिहिलं, शेऱ्यात 'पात्र' लिहिलं. वर नऊ आणि अकरा तसेच राहिले, निळ्या शाईत, आणि ते कुठल्या खुर्चीवरचे हे फॉर्मवर कुठेही नाही.

शिक्क्यासाठी बाहेर बसायला सांगितलं. शिक्का मारणारे सर यायचे होते. बाहेरच्या रांगेत कोपऱ्यात एकच जागा रिकामी होती, आणि पाहते तर तीच खुर्ची, खळग्यासकट, आता वाट बघणाऱ्यांसाठी आणून ठेवलेली. पाऊण तास तिच्यात बसले. शेजारच्या आजोबांनी हळूच विचारलं, "आत काय करायला लावतात हो?"

मी हात छातीवर दुमडले आणि त्यांना करून दाखवायला उठले.